लांबट तारे

संध्याकाळ, दाराशी

"बॅटऱ्या?"

"घेतल्या."

"थर्मास?"

"घेतला."

"हातमोजे?"

"अहो, मी काय शाळेत चाललेय का?"

नवरा-बायकोचं दिवसभरातलं बोलणं म्हणाल तर एवढंच. तेही एक उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर असं. तो आत, कारण त्याचा गुडघा. ती बाहेर, कारण गाडी सुरू करून ठेवलेली. गाडीत दुर्बीण, तिचा तिपायी स्टँड, दुर्बिणीला आभाळाबरोबर हळूहळू फिरवणारं ते जड यंत्र, ज्याला सगळे माउंट म्हणतात, घडीच्या खुर्च्या, ब्लँकेटं, आणि मागच्या सीटवर एक खोकं. त्यात काय आहे ते आता तिला आठवत नव्हतं, आणि उघडून बघायचं त्राणही नव्हतं.

धंदा असा होता. लांबून हिंडायला आलेल्या माणसांना दिव्यांपासून दूर, उघड्या माळावर न्यायचं. दुर्बिणीला कॅमेरा जोडायचा. एखादी दीर्घिका किंवा तेजोमेघ त्यांनी स्वतःच्या हाताने टिपावा म्हणून शेजारी उभं राहून शिकवायचं. माणसं गारठायची, जांभया द्यायची, खूश होऊन परत जायची. दुसऱ्या दिवशी त्यांना त्यांचा फोटो पोचायचा.

तिला सगळे ताई म्हणत. पाहुणे म्हणत, हॉटेलवाले म्हणत, हॉटेलवाल्याची आई तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी, तीही म्हणे. नवरा तेवढा "अगं" म्हणे आणि नणंद फोनवर "घुबडवहिनी".

"जपून ये," तो म्हणाला. तोवर गाडी वळली होती.

पहाट, दाराशी

"कशी गेली?"

"बरी गेली."

कॅमेऱ्यातलं कार्ड तिच्या हातमोज्यातून त्याच्या तळहातावर. बदली झाली. आता दिवस त्याचा.

आभाळाचा फोटो एका दमात निघत नाही. एकाच जागेचे रात्रभर पुन्हा पुन्हा फोटो काढायचे, त्यातल्या एकेकाला हे लोक फ्रेम म्हणतात, आणि मग ते एकावर एक रचायचे. जे खरोखर तिथे आहे ते प्रत्येकात असतं, म्हणून ठळक होत जातं. विमान, वारा, कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग, असलं सगळं कधी असतं कधी नसतं, म्हणून रचता रचता पुसलं जातं. हे रचायचं काम नवऱ्याचं. बाहेरच्या खोलीत संगणक, आतल्या खोलीत तिची झोप, मधे जाड काळा पडदा. तो दिवसभर अनवाणी चाले. शिंक आली तर बाहेर जिन्यात जाऊन शिंके.

पूर्वी रात्री त्याच्या होत्या. ती त्याच्या मागे उभी राहून शिकली. मग दोन वर्षांपूर्वी त्याचा गुडघा गेला आणि रात्री तिच्याकडे आल्या. वाटलं होतं, एखादा हंगाम. पलंग एकच होता, पण पाळीने वापरायचा. ती आडवी व्हायची तेव्हा त्याची ऊब अजून गादीत असायची. ऊब मिळायची, माणूस नाही.

माळावर, जाळी लावलेली

त्या रात्री दातांचे डॉक्टर आले होते, बरोबर सासूबाई. बायको हॉटेलात झोपली होती. ती हुशार, असं सासूबाईंचं मत.

"जावईबापू, तुमच्या दवाखान्यातसुद्धा एवढं ताटकळावं लागत नाही."

"तिथे तुम्ही ओरडता, आई."

"ओरडते, कारण तुम्ही सांगता दुखणार नाही म्हणून."

ताई हसली. हसायला तोंड उघडलं की दात गार पडत होते. देवयानी दीर्घिका डोक्यावर आलेली. आता फोकस साधायचा होता. त्यासाठी एक साधी युक्ती असते. फटी पाडलेलं एक काळं झाकण, त्याला हे लोक जाळी म्हणतात, ते दुर्बिणीच्या तोंडावर बसवायचं. मग ठळक ताऱ्याला मिशा फुटतात. मधली मिशी बाकीच्यांच्या बरोबर मध्यावर आली की फोकस जमला. जाळी काढायची आणि सुरू करायचं.

डॉक्टरांचा हात स्थिर होता. बघता बघता मिशी मध्यावर आली.

"वा," ताई म्हणाली. "तुम्ही आमच्याकडेच या कामाला."

"ताई," सासूबाईंनी कानाशी येऊन सांगितलं, "मला जरा जाऊन यायचंय."

लाल टॉर्चच्या उजेडात त्यांना हाताला धरून पार माळाच्या टोकाच्या संडासाच्या शेडपर्यंत नेलं, बाहेर उभी राहिली, हाताला धरून परत आणलं. येताना सासूबाईंनी त्यांच्या तिन्ही जावयांची तुलना सांगितली. ताईने डॉक्टरांना बटण दाखवलं, डॉक्टरांनी ते दाबलं, कॅमेरा आपणहून एकामागून एक फोटो घेऊ लागला. मग सूप ओतलं. मग खुर्चीत टेकली. डोळा लागला की नाही ते तिलाही सांगता आलं नसतं. अलीकडे झोप आणि जाग यांच्यातली भिंत इतकी पातळ झाली होती की कोणत्या बाजूला आहोत ते हात लावून बघावं लागे.

आभाळ फिकट व्हायला लागलं, पाहुणे गाडीत जाऊन बसले. दवाने ओली झालेली दुर्बीण पुसायला ताईने फडकं फिरवलं, आणि फडकं फटीत अडकलं.

जाळी तशीच होती. रात्रभर.

म्हणजे प्रत्येक फोटोत प्रत्येक ताऱ्याला मिशा. एकात नाही, दोनात नाही, सगळ्यांत. वारा पुसला जातो, विमान पुसलं जातं, पण जे सगळ्यांत असतं ते कसं पुसणार? ते तर रचल्यावर आणखी ठळक होतं.

घरी आली. "कशी गेली?" "बरी गेली." कार्ड दिलं. सांगायचं होतं, पण सांगायला एक वाक्य लागतं आणि वाक्याला दम लागतो. उठल्यावर सांगू, असं म्हणून पडद्याआड गेली. आता तो कार्ड उघडेल, बघेल, कपाळावर हात मारेल. मारू दे.

दुपार, पडद्याआड

उशाशी फोन थरथरला. डॉक्टरांचा निरोप.

"ताई, फोटो मिळाला. शब्द नाहीत. सासूबाई म्हणतात, मला वाटलं होतं काही येणार नाही, पण पोरीचा नवरा निघाला कामाचा. बैठकीच्या भिंतीवर लावणार."

खाली फोटो. देवयानी, तिरपी, मधे पिवळसर, कडेला निळी धूळ. तारे टाचणीने टोचल्यासारखे गोल, नेटके.

एकालाही मिशी नाही.

ताई बराच वेळ पाठीवर पडून राहिली. आधी सुटल्यासारखं वाटलं. मग वाटलं, काहीतरी नवीन प्रोग्रॅम आला असेल, मिशा काढणारा. पण ती या धंद्यात होती. असला प्रोग्रॅम असता तर जगभरच्या झोपाळू माणसांनी त्याला देव्हाऱ्यात बसवलं असतं.

हा फोटो त्या रात्रीचा नव्हता. त्यात डॉक्टरांचा हात नव्हता, सासूबाईंची कुरकुर नव्हती, तिची खुर्ची नव्हती. हा नवऱ्याच्या जुन्या रात्रींमधला होता. गुडघ्याच्या आधीच्या.

एकदाच केलं असेल. आज तिची चूक झाली, त्याने झाकली. नवऱ्याने झाकू नये तर कुणी झाकावी?

पण तो पडद्यापलीकडे हलक्या आवाजात शीळ घालत होता. पहिल्यांदाच असलं काही करणारा माणूस शीळ घालत नाही.

ही फ्रेम अर्धवट

"काय घुबडवहिनी, उठलीस का?"

"पडलेय."

"आवाज का असा? भांडलात?"

"भांडायला भेटावं लागतं."

"हं. बोल."

"तुझा भाऊ ना," ताईने आवाज खाली आणला, "मला वाटतं, दोन वर्षं तो माझे..."

पडदा हलला. नवरा चहाचा कप घेऊन उभा होता, चहा बशीत सांडलेला, कारण गुडघा.

"कोण, आमच्या ताईसाहेब? तिला सांग, दुपारी फोन करत जाऊ नकोस म्हणून."

"ऐकलं मी," नणंद फोनमधून म्हणाली.

झाकण लावलेली

रोज रात्री शेवटी काही फोटो दुर्बिणीला पूर्ण झाकण लावून काढायचे असतात. उजेडाचा कण आत जाऊ द्यायचा नाही. कॅमेरा निव्वळ अंधारात स्वतःच्या मनाने काय काय बघतो ते कळावं, म्हणून. मग तेवढं खऱ्या फोटोतून वजा करतात.

दोन दिवसांनी एक नवं जोडपं आलं. लग्नाचे फोटो अजून आले नव्हते आणि ही दोघं तेजोमेघाचा काढायला आली होती. त्यांना तेजोमेघात रस होता, पण त्याहून एका ब्लँकेटात. ताईने त्यांना हातदुर्बिणीतून मृग दाखवला, त्यातल्या तलवारीसारख्या ओळीतला तो धुरकट ठिपका, म्हणजेच तेजोमेघ, दाखवला. दोघांनी आळीपाळीने "अय्या" आणि "भारी" म्हटलं. फोकस जमवला. जाळी काढली, या वेळी नक्की काढली.

आणि तिच्या जागी झाकण लावलं.

मुलाने बटण दाबलं. कॅमेरा चालू झाला. कट्ट, मग शांतता, मग कट्ट. तेजोमेघ वर होता, कॅमेरा खाली होता आणि मधे तिच्या हाताचं झाकण. तिला वाटलं होतं, काहीतरी वाटेल. राग, मजा, निदान भीती. पण जे वाटलं ते एवढंच, की आता काही तपासायचं नाही, वाऱ्याकडे बघायचं नाही, दव पुसायचं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा ती माळावर नुसती बसली.

पोरं एकमेकांच्या खांद्यावर झोपून गेली. तिने त्यांच्या पायांवर आणखी एक ब्लँकेट टाकलं.

पहाटे दाराशी त्याने विचारलं, "कशी गेली?"

"बरी गेली," ती म्हणाली आणि त्याच्या तोंडाकडे बघत कार्ड दिलं. त्याने ते खिशात टाकलं.

ती आत गेली, पण झोपली नाही. पलंगाच्या कडेला बसून राहिली. पलीकडे खुर्ची कुरकुरली, संगणकाचा पंखा घरघरला, की-बोर्ड वाजला. मग बराच वेळ काही नाही. आता उठेल. आता पडदा सरकवेल आणि म्हणेल, अगं, हे काय?

मग माउसचे आवाज सुरू झाले. सावकाश, सवयीचे. दुपार कलली तरी चालूच होते. ती उठली.

नुसते आवाज

"झोपली नाहीस?"

"कार्ड बघितलंत?"

"बघितलं की."

"काय आलंय?"

"छान आलंय. हे बघ, रंग कसला उतरलाय."

"कालचा आहे?"

"मग कधीचा?"

"काल मी झाकण काढलंच नव्हतं."

संगणकाचा पंखा. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेतंय.

"माहितीय मला," तो म्हणाला.

"माहितीय?"

"सगळं काळं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"म्हटलं, दमली असशील. विसरली असशील. झोपू दे."

"आणि डॉक्टरांच्या वेळी मिशा होत्या, तेव्हाही झोपू दे?"

"हो."

"कधीपासून झोपवताय मला?"

"बस जरा."

"उभी आहे तीच बरी आहे. बसले तर झोप लागेल. कधीपासून?"

"गुडघ्यापासून."

"दोन वर्षं."

"तुझे तारे लांबट येतात गं. गोल येत नाहीत. तांदळाच्या दाण्यासारखे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, नवीन आहे, जमेल हळूहळू. पुढच्या वेळी पण तेच. मग तेच. तू कॅमेऱ्याच्या त्या छोट्या पडद्यावर बघतेस, तिथे दिसत नाही. इथे मोठं केलं की दिसतं."

"मला सांगायचं होतंत."

"काय सांगायचं? तू रात्रभर गारठून येतेस, ओठ निळे असतात तुझे, आणि मी इथे गरम चहा पीत सांगू, की तुझा हात बसत नाही? तुला जमत नाही?"

"हो. तेच सांगायचं."

"मला नाही जमलं."

"म्हणजे माझा एकसुद्धा फोटो गेला नाही कुणाकडे."

"माणसं एवढ्या लांबून येतात. त्यांना वाकडेतिकडे तारे द्यायचे?"

"एकसुद्धा?"

"नाही."

"मग मी जात कशाला होते? दुर्बिणीला हवा खायला न्यायला?"

"असं काय बोलतेस."

"खुर्च्या मांडायला. सूप ओतायला. लोकांच्या सासवांना शेडमध्ये न्यायला."

"अगं..."

"आज तुम्ही जा."

"मी?"

"संध्याकाळची माणसं ठरलीत ना. तुम्ही जा."

"माझा गुडघा."

"फोटो गुडघ्याने काढत नाहीत. गाडी पार जागेपर्यंत जाते. माउंट उचलायला हॉटेलचा ड्रायव्हर येईल, मी सांगते त्याला."

"आणि तू?"

"मी झोपते. तुमचे तारे गोल आले तर मी कायमची झोपते. म्हणजे तशी नाही, घाबरू नका. म्हणजे सोडते हे. परत माळावर पाय टाकणार नाही. दुसरं कुणी शोधा, मला फोन घ्यायला बसवा."

"आणि नाही आले तर?"

"येतील. तुमचे येतातच की."

रिकामी

संध्याकाळी दाराशी ती आत होती आणि तो बाहेर. "बॅटऱ्या?" तिने विचारलं नाही. ते त्याचं वाक्य होतं.

गाडी गेली. ताईने दिवे मालवले, पलंगावर पडली, डोळे मिटले. रात्रीची झोप कशी असते ते ती विसरली होती. अंगाला वाटत होतं, आता कामाची वेळ झाली. कान आपोआप वाऱ्याचा अंदाज घेत होते. वारा नव्हता. खिडकीतून बघितलं, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. त्याचे तारे गोल येणार.

म्हणजे उद्यापासून रोज असं. रोज रात्री गादी, उशी, गरम पाय. दोन वर्षं ती जिच्यासाठी तरसली ती ही गोष्ट, आणि आता हातात येऊन पडली तर कुणीतरी आपलं काही काढून घेतल्यासारखं वाटत होतं. तिला सोडायचं होतं हे खरं. पण दमून सोडायचं होतं. जमत नव्हतं म्हणून नाही.

फोन काढून जुने निरोप वाचत बसली. तुमच्यामुळे हे बघायला मिळालं. आमच्या मुलाने शाळेत दाखवला. बाबा गेले त्या आधी त्यांच्या खोलीत लावला होता, खूप बघायचे. प्रत्येक निरोपाखाली तिने काहीतरी उत्तर लिहिलेलं होतं, गोड, मनापासूनचं. ते सगळं आता दुसऱ्या कुणाच्या अंगणात पडलेलं दिसत होतं.

शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. मग कुणाचं तरी घोरणं. माणसं रात्री एवढं घोरतात हे तिला नव्याने कळत होतं.

तारे लांबट यावेत असं तिला वाटत होतं का? नवऱ्याचे? तो तिथे एका पायावर भार टाकून उभा असेल, आणि ही इथे उबेत पडून त्याचं वाईट चिंतत होती. वाटत होतं. खोटं कशाला बोला. मग वाटायचं, नको, येऊ देत गोल, सुटू दे एकदा. मग पुन्हा कूस बदलायची.

पहाट, दाराशी

"कशी गेली?"

"बरी गेली," तो म्हणाला.

नाक लाल, डोळ्यांतून पाणी, गुडघा न वाकवता तो आत आला आणि बूट न काढताच संगणकापुढे बसला. ताईने पाणी उकळायला ठेवलं. पाठीमागे खुर्ची कुरकुरली, पंखा घरघरला. मग काही नाही. पाणी उकळलं, चहा झाला, गाळला, तरी काही नाही.

"साखर घालू?"

कप घेऊन ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. पूर्वी शिकताना उभी राहायची, तशी. पडद्यावर तारे मोठे केलेले होते. त्याने एक फोटो उघडला, बंद केला, दुसरा उघडला.

तांदळाचे दाणे.

"माउंट ध्रुवताऱ्याच्या रोखाने आहे ना, ते तीनदा पडताळलं मी," तो पडद्याशी बोलल्यासारखा म्हणाला. "तीनदा. एकदा गाडीत बसलो आणि पुन्हा उतरून गेलो."

ताई पडद्याकडे वाकली.

"सवय गेली असेल माझी."

"असेल."

"थंडीने हात..."

"असेल."

तिने कप त्याच्या पुढ्यात ठेवला आणि शेजारचं स्टूल ओढून बसली. त्याच्याबरोबर बघू लागली. काही फोटोंत तारे गोल होते. मग लांबट होत गेले. मग पुन्हा गोल. मग पुन्हा लांबट. तो पुढे पुढे जात राहिला, तेच. ठरावीक अंतराने बिघडायचं आणि ठरावीक अंतराने सुधारायचं, रात्रभर, न चुकता.

त्याचा हात माउसवर थांबला.

"दमलेलं माणूस असं वेळ पाळून चुकत नाही," तो म्हणाला.

मग त्याने तिच्याकडे बघितलं. ती माउंटकडे बघत होती. ते दारातच होतं, दवाने ओलं, ड्रायव्हरने तसंच ठेवून दिलेलं.

जेवणाच्या टेबलावर

वर्तमानपत्र पसरलं. स्क्रू काढले, ते तिने एका वाटीत ठेवले. आतलं ग्रीस काळं पडून डिंकासारखं झालं होतं. ते पुसल्यावर पितळी चाक दिसलं. त्याच्याच दातांवर सगळं आभाळाशी जुळून फिरतं. त्याने त्यावरून बोट फिरवलं. मग तिचं बोट धरून त्याच जागी नेलं. एका बाजूचे काही दात झिजलेले होते. डोळ्याला कळलं नसतं. बोटाला कळत होतं, कुरतडलेल्या नखासारखं.

"माझा गुडघा गेला आणि तारे बिघडले," तो म्हणाला. "एकाच हंगामात. मी हिशेब जोडला. माणूस बदललं, म्हणजे माणसाची चूक."

"सांगितलं असतंत तर दुसऱ्याच दिवशी हे उघडलं असतं मी."

"हो."

"नवीन चाक मागवलं असतं. आठवड्यात काम झालं असतं."

"हो गं."

"दोन वर्षं मला वाटत होतं आपलं छान चाललंय आणि मी उगाच दमते. आणि तुम्हाला वाटत होतं..."

त्याने मान खाली घातली. गुडघा चोळत राहिला.

"बरं, माझ्या जुन्या फ्रेमा काढा," ती म्हणाली. "गोल असतीलच ना त्यातल्या काही. निवडून रचल्या तर थोडं तरी हाती लागेल."

त्याने स्क्रूची वाटी बाजूला सरकवली.

"काय?"

"नाहीत त्या."

"म्हणजे?"

"पुसल्या. जागा लागते. दर महिन्याला पुसायचो."

तिला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. रडायलाही आधी पुरेशी झोप झालेली लागते. तिने ग्रीसने बरबटलेली बोटं वर्तमानपत्राला पुसली, एकेक, सावकाश.

"काल कोण होतं?"

"एक सुतार आणि त्याची बायको."

"त्यांना काय पाठवणार?"

त्याचा हात उठला, माउसकडे, सवयीने, त्या जुन्या फोल्डरकडे. अर्ध्यात थांबला. मग त्याने फोन उचलला. ती ऐकत राहिली. नमस्कार, झोप झाली का, हो, फोटो, त्याचंच सांगायचं होतं. आमच्या यंत्राचे दात झिजलेत. तारे थोडे लांबट आलेत. पाहिजे तर पुन्हा या, दुरुस्त झालं की. नाही, खरंच. चूक आमची.

पलीकडचा माणूस मोठ्याने बोलणारा होता.

"लांबट म्हणजे? फुटका नाही ना आला?"

"नाही, फुटका नाही. ओढल्यासारखा."

"मग द्या की पाठवून. बायकोला कुठे माहितीय ते गोल असतात म्हणून."

मागून बायकोचा आवाज आला, "काय म्हणतायत?" आणि सुतार म्हणाला, "काही नाही, तारे म्हणतायत."

नवऱ्याने फोन ठेवला. ताईच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तेवढंच. तिच्यात तेवढंच शिल्लक होतं.

"मला माफ..." त्याने सुरुवात केली.

"आत्ता नको. आत्ता मला काही ऐकू येत नाहीये. कानात वाळू भरल्यासारखं झालंय." ती उठली. "चाक मागवा. ते येईपर्यंत जी माणसं ठरलीत त्यांना नाही म्हणून कळवा. चाक बसलं की मी जाईन."

"जाशील?"

"मी जाईन. तुम्ही काल लंगडत आलात ते बघितलं मी. पण सकाळी मी झोपायच्या आधी मला दाखवायचं. काय आलंय ते. मोठं करून. वाईट आलं तर वाईट म्हणायचं. काळं आलं तर काळं. आणि जे येईल तेच जाईल लोकांना."

"बरं."

"नुसतं बरं नको."

"दाखवीन. रोज."

ती पडद्याआड गेली. टेबलावर चाक, स्क्रूची वाटी, गार झालेला चहा. तोही रात्रभर जागा होता हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. संगणक तसाच चालू ठेवून तो लंगडत आत गेला. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, पलंगाच्या बरोबर मधोमध, दोन वर्षांच्या सवयीने.

"अगं."

"काय?"

"जरा सरक."

ती सरकली नाही. झोपलीही नव्हती. थोड्या वेळाने पाठ न वळवता म्हणाली, "तुमचा गुडघा कोणत्या बाजूला येईल?"

"उजव्या."

"मग तिकडून या."

तो वळसा घालून पलीकडे गेला. पलंग दोघांना अरुंद पडत होता, ब्लँकेट एकाच्याच मापाचं उरलं होतं, आणि त्याचे पाय इतके गार होते की तिने आपले झटकन वर ओढून घेतले.

"सॉरी," तो म्हणाला.

"पायांबद्दल चालेल," ती म्हणाली. बाकीचं अजून व्हायचं होतं.